पेशंटच्या हातचा चहा

मुलुंडमध्ये त्या काळी आमच्या भागातल्या कितीतरी घरांत एक बाई येत आणि चहा न पिता जात. आल्यागेल्याला चहाशिवाय पाठवायचं म्हणजे आमच्याकडे भांडण झाल्यासारखंच. त्यामुळे घरातल्या बायका हिरमुसत, पुरुष "अहो, अर्धा कप तरी" म्हणत दारापर्यंत मागे मागे जात. बाई ढिम्म. त्यांचा एकच प्रश्न असे, "केला कोणी?" सुनेने, मुलीने, बायकोने असं उत्तर आलं की कप बशीसकट परत. "पेशंटने केला तरच मी चहा पिते. तोपर्यंत पाणी द्या."

आणि पेशंट म्हणजे कोण, तर ज्याचा हात डोक्यापर्यंत जात नाही, नाहीतर जो पलंगावरून उठलेलाच नाही, असा माणूस. बाई फिजिओथेरपिस्ट होत्या. हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडात बसत नसे. सकाळी त्या एका मोठ्या हॉस्पिटलात काम करत आणि दुपारनंतर मुलुंड, भांडुप, घाटकोपर असं घरोघर फिरत. शेजारणी त्यांना 'व्यायामवाल्या बाई' म्हणत. कोपऱ्यावरच्या वाण्याचा समज होता की त्या मालिश करतात. हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या मुद्दाम दुकानात गेल्या आणि भर गिऱ्हाइकांत त्याला म्हणाल्या, "मालिश घोड्याला करतात. मी माणसांना कामाला लावते."

पहिल्या दिवशी मीसुद्धा ट्रेमध्ये कप मांडून, शेजारी दोन बिस्किटं ठेवून गेले होते.

"केला कोणी?"

"मी."

"मग तूच पी."

मी स्वयंपाकघरात जाऊन तो चहा उभ्याउभ्या प्यायले. रागाने प्यायले, पण गरम होता. लग्न झाल्यापासून माझ्या वाट्याचा चहा म्हणजे सगळ्यांना देऊन झाल्यावर पातेल्यात उरलेला, कोमट, चोथा आलेला. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. सुनांचा चहा तसाच असतो, असं मी धरून चालले होते.

बाई पन्नाशीच्या असतील. ठेंगण्या, रुंद मनगटांच्या. सुती साडी, पदर कमरेला करकचून खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. तेव्हा साडीवर बूट कोणी घालत नसे. नाक्यावरची पोरं शिट्ट्या मारायची आणि बाई मागे वळून सांगायच्या, "वाकून उभा राहतोस रे तू. चाळिशीत माझ्याकडेच येशील." खांद्याला एक खाकी पिशवी. तिच्यात वाळू भरून शिवलेल्या पुरचुंड्या, दोरी, ती ओवायला एक लोखंडी चाक, पायाच्या बोटांनी उचलायला काचेच्या गोट्या आणि बुटांचा दुसरा जोड. दारात त्या रस्त्यावरचे बूट काढून घरातले घालत. पहिल्या दिवशी सासूबाईंनी डोळे वटारले तेव्हा त्यांनी पाय वर करून तळवा दाखवला, "बघा आजी, हे अजून रस्त्यावर गेलेले नाहीत. तुमच्या देवांपेक्षा सोवळे आहेत."

माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत. सांधे पक्के राहत. बाजारात भर गर्दीत हाक मारायच्या, "अहो डावा खांदा! रात्री झोप लागते का?" सांध्यांशी मात्र अदबीने बोलायच्या. "काय गुडघेबुवा, आज रुसलात?" माझ्या सासूबाई त्यांच्या लेखी 'उजवा खुबा' होत्या आणि मी उजव्या खुब्याची सून. माझं खरं नाव त्यांना कधी कळलं असेल असं मला वाटत नाही.

साऱ्या उपनगराला जिने चढायला लावणाऱ्या या बाईंना स्वतःला जिना सोसत नसे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या पायरीवर बसत, पिशवीतून चण्यांची पुडी काढत आणि निवांत खात. "बाई, दम लागला का?" असं विचारलं की भडकत. "मी काय पेशंट आहे? लोकांच्या घरात बसून चणे खाणं बरं दिसत नाही, म्हणून इथे खाते." मग रिकाम्या पुडीची घडी घालून जिन्याच्या खिडकीच्या गजात खोचत. ही त्यांची घाण खोड. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्यावरून त्यांना दोनदा बोलले, दोन्ही वेळा बाईंनी त्यांना मान ताठ करायचा व्यायाम शिकवला.

आता आमच्या घरची हकिकत सांगते. सासूबाई मोरीत घसरल्या आणि उजव्या खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी बसली, स्क्रू बसले. दोनेक महिन्यांनी सर्जनने एक्स-रे बघून सांगितलं, हाड छान जुळलंय, आता चालवा. चालायची परवानगी मिळाली, पण चालायला कोणी तयार होईना. सासूबाई मालवणकडच्या. एरवी जिभेला हाड नाही अशी बाई, आता पलंगावर पडून छताकडे बघत राहायच्या. पाय खाली सोडायचा म्हटलं की माझा हात घट्ट धरायच्या आणि म्हणायच्या, "माका भय वाटता गो."

मी टेलिफोन खात्यात ट्रंक कॉलची ऑपरेटर होते. रजेवर रजा टाकून घरी बसले होते आणि रजा संपत आली होती. हे एका रात्री जेवताना सहज म्हणाले, "आईचं आता असंच चालायचं. तू सोडूनच दे नोकरी. आपलं काही अडलंय का?" त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, तेच जास्त टोचलं. मला ती नोकरी आवडायची. कानावर हेडफोन चढवला, "बोला नाशिक, बोला रत्नागिरी" सुरू झालं की त्या खोलीत मी कोणाची कोणी नसे. लोक श्वास रोखून माझ्या आवाजाची वाट बघत. ते सोडून आता पलंगाच्या उशाशी आयुष्य काढायचं होतं.

तरी सेवेत मी कसूर केली नव्हती. पलंगाभोवती सगळं हाताशी मांडलं होतं. तांब्या, फुलपात्र, कंगवा, रेडिओ, वातींचा कापूस, लाह्यांचा डबा. "गो" एवढं म्हटलं की मी हजर. जेवण भरवत होते, वेणी घालत होते. देवपूजा चुकते म्हणून त्या रडल्या तेव्हा ह्यांनी स्वयंपाकघरातला देव्हारा उचलून पलंगाच्या उशाशी स्टुलावर आणून ठेवला. शेजारणी येऊन बघून जात आणि म्हणत, "सून असावी तर अशी." ऐकून मला बरं वाटायचं.

सर्जनच्या सांगण्यावरून बाई आल्या, पलंगाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय दुकान मांडलंय?"

मी प्रत्येक वस्तू कशासाठी ते सांगायला लागले. त्यांनी थांबवलं. "दुखतं कुठे ते मला बोटांनी कळेल. आजी, तुम्ही काय काय सोडलंत ते सांगा." हा त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न. माणूस कितीही दुखण्याचं पुराण लावू दे, त्या विचारायच्या की सोडलंस काय. पलीकडच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त हेडमास्तर कंबर धरली म्हणून कित्येक महिने फळीवर आडवे होते. भेटायला येणारा प्रत्येक जण विश्रांती घ्या म्हणून सांगे आणि ते घेत. काय सोडलंत, तर भाजी आणणं सोडलं. बाई म्हणाल्या, "उद्या मेथीची एक जुडी. भाजीवाला गेटपाशी येतो." मग गेट, मग कोपरा, मग मंडई. पुढे मास्तर इतकी भाजी आणायला लागले की त्यांची बायको बाईंकडे तक्रार घेऊन गेली.

घाटकोपरला एक शिंपी होता, त्याचा खांदा आखडलेला. तो आपली टेप ज्या खिळ्याला अडकवायचा तो खिळा बाईंनी उपटला आणि बोटभर वर ठोकला. पुढच्या खेपेला आणखी बोटभर. शिंपी वैतागून म्हणाला, "बाई, छतापर्यंत नेणार काय?" "तुमचा हात जाईल तिथपर्यंत." सहा महिन्यांनी त्याने माळ्यावरचे कापडाचे तागे स्वतः काढले, असं तोच सगळ्यांना सांगत असे.

आमच्याकडे खिळ्याच्या जागी देव होते. बाईंनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. "हे इथे कसे?"

"आईंना उठता येत नाही म्हणून आणले," मी म्हटलं.

"देव आजारी आहेत का? मग त्यांना कशाला हलवलं? जिथे होते तिथे ठेवा."

सासूबाई दोन महिन्यांत पहिल्यांदा उसळल्या. "देवाक माझ्यापासून लांब नेतास? पाप लागतला तुका!"

"देव लांब जात नाहीयेत, आजी. ते आपल्या घरीच चाललेत. तुम्ही लांब येऊन पडलाय. भेटायचं असेल तर उठून जा."

ह्यांनी मुकाट्याने देव्हारा उचलला. पलंगापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत दोन खोल्या आणि एक उंबरठा. तेवढं अंतर त्या दिवशी मला काशीइतकं लांब वाटलं. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि मला बजावलं, "ह्या बाईक परत घरात घेव नको." दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा मात्र सासूबाईंचे केस विंचरलेले होते आणि कंगवा त्यांच्याच हातात होता.

व्यायाम सुरू झाले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. टाच गादीवरून घसरत वर आणायची. मग पलंगाच्या कडेला बसायचं, मग वॉकर धरून उभं राहायचं. सासूबाई ओरडायच्या. बाईंना ओरडण्याचं काही वाटत नसे, पण त्या ऐकत मात्र कान देऊन. म्हणायच्या, "दुखणं दोन प्रकारचं असतं, आजी. एक पाहुणा, एक चोर. पाहुणा व्यायामानंतर येतो, घटकाभर बसतो, आपल्या घरी जातो. त्याला घाबरून दार लावून घ्यायचं नाही. चोर एकदम घुसतो, कळ मारतो, रात्री झोपू देत नाही आणि सकाळी बघावं तर अजून घरातच. चोर दिसला की व्यायाम बंद आणि मला निरोप." सासूबाईंना हे फार पटलं. संध्याकाळी मला अहवाल द्यायच्या, "आज पाहुणो इलो, पण बसलो नाय." दुखणं तेच होतं, पण आता त्याला नाव होतं आणि नाव घेऊन त्याला हाकलता येत होतं.

आणि मग जपमाळेचं प्रकरण झालं. बाईंनी प्रत्येक व्यायाम सकाळ-संध्याकाळ दहा वेळा सांगितला होता. सासूबाईंना देवाकडे जायची घाई झालेली. मी आंघोळीला गेले, दळणाला गेले की त्या उशीखालून माळ काढायच्या आणि एकेका मण्याला एकेकदा गुडघा दाबायच्या. अख्खी माळ. सकाळी एक, संध्याकाळी एक. चार दिवसांत मांडी टम्म सुजली, गुडघा तापला आणि एका रात्री त्या कळवळून उठल्या. चोर आला होता.

बाई आल्या, मांडीवरून हात फिरवला आणि विचारलं, "किती?"

"माळभर."

"कोणी सांगितलं?"

"धा म्हणजे काय मोजणी झाली? देवाचा नाव तरी कोण धा वेळा घेता? लवकर बरी होयन म्हणान केलंय मी."

मला वाटलं आता बाई तोफ डागणार. पण त्यांनी ती माळ उचलली, कपाळाला लावली आणि सासूबाईंच्या हातात ठेवली. "देवाला माळ द्या. मला दहा द्या. दोघांची मोजणी एकत्र करू नका. दहाला थांबणं हाही व्यायामच आहे, आणि तो तुम्हाला सगळ्यात जड जाणारा आहे." आठवडाभर गार पाण्याच्या घड्या आणि सक्तीची विश्रांती झाली. सूज उतरली. पण जे नको होतं तेच झालं. भीती परत आली, पहिल्यापेक्षा जाड होऊन. वॉकर पुढे केला की सासूबाई हात मागे घ्यायच्या. "मी पडलंय तर?" मी समोर असले की तर बघायलाच नको, पोर आईच्या कमरेला धरतं तशा त्या मला धरून ठेवायच्या. माझी रजा त्या रविवारी संपत होती. ह्यांनी पुन्हा विचारलं, "मग काय ठरवलंस?" नोकरी सोडायची हे मनाशी जवळजवळ ठरलंच होतं.

शनिवारी बाईंना पोचवायला मी दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले. त्या पायरीवर बसल्या, पुडी काढली. मी सांगितलं की सोमवारपासून ड्यूटी आहे, पण मी जाणार नाही.

"जा," बाई म्हणाल्या.

"आईंजवळ कोण थांबणार?"

"कोणी थांबायचं नाही."

"आणि पडल्या तर?"

"पडल्या तेव्हा तू घरातच होतीस ना?"

बाईंनी चणे तोंडात टाकले. "आम्ही तीन बहिणी. आई आजारी पडली तेव्हा तिघींनी तिची अशी सेवा केली की तिला कूससुद्धा स्वतः बदलावी लागू नये. लोक नाव काढायचे आमचं. आई परत उठलीच नाही. उठायची गरजच ठेवली नव्हती आम्ही. सगळं नीट कळलं तेव्हा उशीर झाला होता, म्हणून मग हे शिकले." एवढं बोलून त्यांनी पुडीची घडी घातली. आवाजात रडं नव्हतं, उपदेशही नव्हता. "आणि एक," त्या उठता उठता म्हणाल्या, "सोमवारी दूध आणून ठेव. तापवू नकोस."

"नासेल हो. मे महिना आहे."

"नासू दे."

आमच्याकडे फ्रिज नव्हता. दूध न तापवता घराबाहेर पडायचं हे मी आयुष्यात केलं नव्हतं. तरी सोमवारी दुपारी ड्यूटीला निघताना मी नुकतंच आलेलं दूध पातेल्यात ओतून ओट्यावर झाकून ठेवलं, सासूबाईंचा पोळीभाजीचा डबा आणि पाणी पलंगाशी ठेवलं, वॉकर हाताच्या अंतरावर उभा केला. "आई, दूध तापवायचं राहिलंय, मला उशीर झाला," असं दारातून ओरडले आणि त्यांचं उत्तर यायच्या आत जिना उतरले. ड्यूटीभर हेडफोनमध्ये मला पातेलंच ऐकू येत होतं. नाशिकच्या माणसाला मी कोल्हापूर जोडून दिलं. सुपरवायझर येऊन विचारून गेली, बरं नाही का. डोळ्यांसमोर सासूबाई मोरीच्या उंबरठ्याशी पडलेल्या दिसत होत्या आणि पलंगावर छताकडे बघतानाही दिसत होत्या. यातलं जास्त भयंकर काय, तेच मला ठरवता येत नव्हतं.

संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच करपलेल्या दुधाचा वास आला. मी धावत सुटले. दार नुसतं लोटलेलं होतं, आम्ही दिवसा ते कधी लावत नसू. पलंग रिकामा. स्वयंपाकघरात सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. डावा हात वॉकरवर, उजव्या हातात फडकं. ओटाभर दूध पसरलेलं, शेगडी माखलेली आणि त्या स्वतःशी बडबडत पुसत होत्या. बाजूला देव्हाऱ्यात निरांजन लावलेलं होतं.

"एवढी धांदल कसली गो तुका?" त्या वळूनही न बघता म्हणाल्या. "दूध न तापवता गेलंस? नासान गेला असता. तापवूक ठेवलंय नि म्हटलंय देवाक दिवो लावतंय, तवसर उतू गेला मेला."

मी उंबरठ्यात बसले आणि हुंदके देऊन रडले. आनंदाने रडले, उगाच आडपडदा कशाला ठेवू. आयुष्यात मला त्या दुधाच्या वासाइतका चांगला वास कधी आला नाही.

"रडतंस कित्याक?" सासूबाई म्हणाल्या. "दूध गेलाहा, मी नाय गेलंय."

तेवढ्यात समोरच्या शेजारीणबाई आल्या. मला बाहेर बोलावून हळूच म्हणाल्या, "अगं, त्या तुमच्या बाई आज दुपारपासून इथेच जिन्यात बसून होत्या. मी खुर्ची देते म्हटलं तर तोंडावर बोट ठेवलं. मधूनमधून तुमच्या दाराला कान लावायच्या. मघाशी आत भांडं वाजलं तशा ताडकन उठल्या, थोडा वेळ ऐकलं, आणि पिशवी उचलून गेल्या." मी आमच्या मजल्यावरच्या जिन्याच्या खिडकीकडे बघितलं. गजांमध्ये चण्यांच्या रिकाम्या पुड्या ओळीने खोचलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलंच. "काल दुपारी तुम्ही..."

"दम लागला होता मला."

"सगळी दुपार?"

"वय झालं आता माझं," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन खुब्याशी बोलायला लागल्या. सासूबाईंना मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्या एकट्याच उठल्या होत्या, एकट्याच चालल्या होत्या, आणि ते तसंच खरं होतं.

नोकरीचं पुढे कोणी नाव काढलं नाही. वॉकर गेला, काठी आली. पाहुणा कधीतरी पावसाळी हवेत यायचा, त्याला बसायला जागा मिळायची नाही. आणि एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून येते तो बाई खुर्चीत बसलेल्या आणि त्यांच्या हातात कप.

"केला कोणी?" त्यांनी सवयीने विचारलं.

आतून आवाज आला, "मी केलंय. पियाचो तर पी, नायतर घराक जा."

बाईंनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. "साखर जास्त आहे, आजी."

"उद्या कमी घालतंय."

"उद्या मी येणार नाही. झालं माझं काम." सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पडला, आणि ते मला दिसलं तसं बाईंनाही दिसलं असणार. "पण एक व्यायाम राहिलाय. तो रोजचा. ही ड्यूटीवरून आली की ओट्याशी उभं राहून एक कप चहा करायचा. काठी हाताशी, पण टेकायची नाही. आणि तो हिला द्यायचा. बसून केलेला चालणार नाही. हिने केलेला तर मुळीच चालणार नाही."

"सुनेक च्या करून देवचो?" सासूबाईंनी कमरेवर हात ठेवला. "मी?"

"चहा कुठे म्हटलं मी? व्यायाम आहे."

"किती दिवस?"

"जगाल तितके. खंड पडला तर खुबा धरेल, मग मला बोलावू नका."

बाई वाकून बुटांच्या लेसेस बांधत होत्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभ्याने चहा प्यायले ते त्यांनी बघितलं होतं की काय, कोण जाणे. मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्यांना वाकलेली माणसं आवडत नसत, म्हणून ताठ उभी राहिले.

पुढे काही वर्षांनी त्या मंडईत दिसल्या. लांबूनच हाक आली, "अहो, उजव्या खुब्याची सून! व्यायाम चालू आहे का?" मी म्हटलं, रोज. "साखर?" मी म्हटलं, जास्तच. "असू दे," म्हणाल्या आणि गर्दीतून कोणा डाव्या गुडघ्याच्या मागे गेल्या. त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत.

सासूबाईंनी खंड पाडला नाही. घरात पाहुणे असोत, अंगात कणकण असो, ह्यांनी मध्येच "मी करतो आई" म्हणून बघितलं तर त्यांना ओट्यापासून ढकलून द्यायच्या. गावाकडची माणसं आली आणि सासू सुनेला चहा करून देते हे बघून त्यांनी भुवया उंचावल्या तर काठी आपटून सांगायच्या, डॉक्टरचं फर्मान आहे, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. आणि मी दार ढकलून आत आले, चप्पल काढली की आतून हाक यायची, जोवर त्या होत्या तोवर रोज, "पाय धू नि लवकर ये गो. माझो व्यायाम निवता हा."